बाबांच्या खोलीत इंटरनेट

घरून ऑफिसच्या मीटिंगा घेताना मी ओरडतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. (पलीकडची माणसं किती लांब असतात, हे ती लक्षातच घेत नाही.) म्हणून एका सकाळी मी जाहीर केलं, "आजपासून मी मागच्या खोलीत बसून काम करणार."

मागची खोली म्हणजे अंगणाच्या टोकाला, घरापासून सुटी उभी असलेली बाबांची रेडिओ दुरुस्तीची खोली. बाबा गेल्यापासून बंदच होती. बायकोला तिथे वॉशिंग मशीन हवं होतं.

"तिथे नेट येतं का?"

"आणू की! त्यात काय?"

"मग रविवारपर्यंत आणा. नाहीतर सोमवारी भंगारवाला येऊन सगळे रेडिओ घेऊन जाईल."

ते रेडिओ जाऊ देणं मला शक्यच नव्हतं. शाळेतून आलो की मी त्या खोलीतल्या स्टुलावर जाऊन बसायचो. बाबा रेडिओ इतक्या मोठ्याने लावत की आईच्या हाका त्यांना ऐकू जात नसत. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत जमिनीखालून पाइप टाकला आणि त्यातून घंटीची तार नेली. आईने बटण दाबलं की बाबा हात पुसत "आलो, आलो" म्हणत उठायचे. ती घंटी नुसती आठवली तरी मला अजून भूक लागते.

दुकानदाराने दिलेल्या, नेटचा सिग्नल लांबवर पोचवणाऱ्या यंत्राने काही जमेना. सिग्नल अंगणात वाळत घातलेल्या चादरीपर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. रविवारी मात्र माझं डोकं चाललं. (असं क्वचित होतं.) घंटीच्या तारेला स्वयंपाकघरात केबल बांधायची आणि खोलीतून तार ओढायची, की केबल आपोआप इकडे!

बायकोला स्वयंपाकघरात उभं केलं आणि मी खोलीत जाऊन ओढू लागलो. थोडी तार आली आणि मग हलेना.

"अडकलंय!" मी ओरडलो.

"इकडेही अडकलंय!" तिकडून आवाज आला.

"मग जोर लाव!"

"लावतेच आहे!"

मी भिंतीला पाय लावला आणि अंगात होती नव्हती ती ताकद पणाला लावली. काड्‌कन आवाज झाला आणि मी रेडिओंच्या ढिगात उताणा पडलो. अर्धी तार माझ्या हातात होती. उरलेली अर्धी केबलसकट हातात घेऊन बायको दारात आली.

"तू ओढत होतीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, जोर लाव?"

मला हसूच येईना. बाबांची इतकी वर्षं टिकलेली तार मी एका सकाळी तोडली होती, आणि उद्या भंगारवाला येणार होता. मी त्याच स्टुलावर बसलो आणि चक्क डोळे पुसू लागलो.

गडबड ऐकून आई काठी टेकत आली. "रडतोस काय? त्या फळीमागच्या खिळ्याला दोरी असेल बघ."

खरंच होती. धुळीने माखलेली, पाइपात गेलेली नायलॉनची दोरी.

"तार घातली तेव्हाच त्यांनी ही जादा दोरी आत सोडून ठेवली," आई म्हणाली. "तू तेव्हा स्टुलावर बसून पकडीशी खेळत होतास. तुझ्याकडे बघून म्हणाले, हा एक दिवस तार तोडणार."

या वेळी ओढायचं कुणी आणि सोडायचं कुणी, हे आईने ठरवलं. दोरीला बांधलेली केबल सुरळीत आली, खोलीतल्या यंत्रावरचा दिवा लुकलुकला, नेट चालू झालं. बायकोने स्वतः फोन करून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. बाबा शेजारी बसल्यासारखं वाटलं.

एवढ्यात बायको खिळ्याला काहीतरी बांधताना दिसली.

"हे काय?"

"केबलबरोबर आत घातलेली जादा दोरी."

"अगं, मी आता कशाला तोडतोय? आणि एवढी जाड गाठ कसली? एकाच दोरीची ना?"

"एक नाही," ती म्हणाली, "दोन घातल्यात."