बावीस निबंध आणि बर्फाची सुट्टी

"आज कागद काय झकास पेटले," क्लॉडेट सूप ढवळत म्हणाली. "नाहीतर वर्तमानपत्र नुसतं धुमसत बसतं."

ऑरेल मिशॉ सर दाराशी बसून बूट काढत होते. एक निघाला होता. दुसरा अर्ध्यावर आला होता, तो तिथंच राहिला.

"कुठले कागद?"

"काल ढलप्यांच्या खोक्यावर ठेवला होतास ना तो गठ्ठा? रेघांचे कागद, शाईनं लिहिलेले. म्हटलं, शाळेची रद्दी एकदाची घरच्या कामाला आली."

एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात सर शेगडीपर्यंत लंगडत गेले. लोखंडी झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं. निखाऱ्यांवर एक काळी पापडी थरथरत होती आणि तिच्यावर गोलगोल अक्षरांत लिहिलेला एकच शब्द अजून वाचता येत होता. 'मेमेर'. सरांनी सुस्कारा सोडला, तशी पापडीही विस्कटली. मेमेर म्हणजे आजी. कुणाची आजी, ते आता त्या शेगडीलाच ठाऊक.

नाताळच्या आधी सहावीच्या बावीस मुलांनी 'आमच्या घरातलं सर्वांत जुनं माणूस' या विषयावर निबंध लिहिले होते. म्हाताऱ्यांना गाठून, प्रश्न विचारून, पानंच्या पानं. उद्या गुरुवारी दुपारी एक वाजता ती सगळी जुनी माणसं शाळेत येणार होती आणि मुलं त्यांच्यासमोर आपापले निबंध वाचून दाखवणार होती. कल्पना सरांचीच. गावाला ती इतकी आवडली होती, की चर्चमध्ये पाद्रीबुवांनीसुद्धा दोन रविवार तिचा उल्लेख केला होता. आणि पाच आठवडे गठ्ठा बॅगेतून इकडून तिकडे हिंडवूनही सरांनी त्यातला एकही निबंध वाचलेला नव्हता. "सर, माझा वाचला का?" असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "चवीचवीनं वाचतोय रे."

"सरळ सांगून टाक," क्लॉडेट म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "माझं नाव घे."

"बावीस पोरांसमोर उभं राहून सांगू? बायकोनं जाळले म्हणून? अगं, या गावातल्या निम्म्या लोकांना मी शाळेत सबबींवरून झापलंय. आता ते आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन पुढच्या रांगेत बसणार!"

"मग करणार काय?"

सरांनी रेडिओकडे पाहिलं. पश्चिमेकडून मोठं वादळ येत होतं. दोन फूट बर्फ पडणार असं दुपारपासून सांगत होते. उद्या शाळा बंद राहिली तर कार्यक्रम आपोआप आठवडाभर पुढे जाणार. तेवढ्यात 'सुंदर अक्षरात पुन्हा लिहा' म्हणून सगळे निबंध नव्यानं लिहून घेता येणार. कुणाला पत्ताही लागणार नाही. फक्त बर्फ पडायला हवा. पहाटेच्या आत.

त्याच दुपारी वर्गात पोरं एकमेकांना सांगत होती, की झोपताना कपडे उलटे घालायचे आणि कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकायचे, म्हणजे हमखास सुट्टी मिळते. सरांनी त्यांना दहा मिनिटं सुनावलं होतं. हवामान हे विज्ञान आहे, आपण काही जंगलात राहत नाही, वगैरे.

जेवण झाल्यावर सर बर्फाचा ट्रे घेऊन बाथरूममध्ये गेले.

"ऑरेल, काय पडतंय कमोडमध्ये?" बाहेरून क्लॉडेटनं विचारलं.

"काही नाही!"

"एकदम बारा नको हं टाकूस. ते जुनं झालंय."

सर निमूटपणे लोकरीची आतली बंडी उलटी घालून अंथरुणात शिरले. बावन्नाव्या वर्षी माणसावर काय काय वेळ येते, याचा विचार करत ते छताकडे बघत राहिले.

पहाटे साडेपाचला त्यांनी पडदा सारला. आकाश कोरडं ठणठणीत होतं. स्वयंपाकघरात रेडिओवर बंद शाळांची यादी चालली होती. शेजारची गावं एकेक करत गळत होती. ज्या गावात जेमतेम चाळीस घरं, तिथलीसुद्धा शाळा बंद. सगळ्यांनी वादळाच्या नुसत्या नावानं सुट्टी दिली होती. त्यांच्या गावाचं, सेंट उर्सूलचं, नाव काही येईना.

तेवढ्यात फोन वाजला. शाळांचे सुपरिंटेंडंट नॉर्बर्ट गॅन्यॉन. अकरा वर्षांत त्यांनी फक्त एकदाच शाळा बंद ठेवली होती, आणि त्याचाही त्यांना अजून पश्चात्ताप होत असे. सरांचं घर गावातल्या सर्वांत अवघड चढावर होतं, त्यामुळे वादळाच्या दिवशी नॉर्बर्ट आधी त्यांनाच विचारत.

"ऑरेल, चढ कसा आहे?"

सरांनी खिडकीतून पाहिलं. मीठ टाकून स्वच्छ झालेला डांबरी रस्ता दिव्याखाली काळाशार चमकत होता. त्यावर मांजर निवांत बसलं होतं.

"नुसती काच आहे," सर म्हणाले. आपल्या तोंडून हे काय निघालं, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. "पाय ठेवायची सोय नाही. रात्री गोठला असणार."

"अरे देवा. म्हणजे बस वर यायची नाही."

"छे! प्रश्नच नाही. पोरांच्या जिवाशी खेळ नको, नॉर्बर्ट."

"बरोबर. बस रद्द करतो."

सरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"तुझ्या ट्रकला साखळ्या आहेत ना?" नॉर्बर्ट पुढे म्हणाले. "मग चढावरची पाच पोरं तूच घेऊन ये. खालच्या गावानं का म्हणून घरी बसायचं? आणि आज तर तुझा कार्यक्रम. माझे वडील चार दिवसांपासून कोट झटकतायत. बघ, सावकाश चालव हं."

साखळ्या चाकांना बांधायला अर्धा तास गेला. मग कोरड्या डांबरावरून ट्रक असा खणखणत निघाला, की चढावरच्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी बाहेर येऊन बघायला लागलं. पुढच्या बाकावर अकरा वर्षांची ओडील आणि तिच्याच वर्गातला ल्युसियाँ बसले. बाकीची तीन चिल्लीपिल्ली मागे.

"सर, बस का नाही आली?" ओडीलनं विचारलं. "रस्ता तर कोरडा आहे."

"वरून दिसतो तसा. आत काच आहे."

"डांबराच्या आत?"

सरांनी गिअर बदलला. त्याची काही गरज नव्हती.

"सर, माझ्या मेमेरचा तो नदीवरचा भाग आवडला तुम्हाला?"

"नदीवरचा? वा! तोच तर खरा भाग."

"आणि शेवट?"

"शेवट वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो."

ओडील खुलली. ल्युसियाँ सरांकडे टक लावून बघत होता. "आणि सर, माझ्या निबंधातलं अस्वल?"

"अस्वल!" सर उत्साहानं म्हणाले. "अगदी डोळ्यांसमोर उभं केलंस की!"

"माझ्या निबंधात अस्वल नाहीये, सर."

साखळ्या खणखणत राहिल्या. थोड्या वेळानं ल्युसियाँ सरांच्या मानेकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, तुमच्या बंडीचं लेबल बाहेर आलंय." मग तो ओडीलकडे वळला आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी उजेड पडला.

"सर, तुम्हीपण?"

"कपडे घाईत घातले की होतं असं," सर म्हणाले. शाळा येईपर्यंत पाचही पोरं मुठीत तोंड खुपसून बसली होती.

सकाळचे तास सरांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. ते पंधरा-पंधरा मिनिटांनी खिडकीशी जात, आकाशाकडे बघत आणि परत येत. म्हातारी माणसं कार्यक्रमाला कधी उशिरा येत नाहीत. एकचं बोलावणं होतं, ती साडेअकरालाच आली. जेवणघरात त्यांच्यासाठी चिकनचा रस्सा आणि गव्हाच्या पिठाच्या धिरड्यांचा बेत होता. ओडीलची मेमेर फिलोमेन, वय अठ्ठ्याहत्तर, चर्चला जातानाचा कोट घालून आली होती. नॉर्बर्टचे वडील एडमंड तिच्या मागोमाग आले. उभी हयात त्यांनी गावालगतच्या नदीवर, कॅनडाच्या सरहद्दीवर कस्टममध्ये काढली होती, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी समोरच्याची पिशवी बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

पावणेबारा वाजता बर्फ सुरू झाला.

सुरू झाला म्हणजे काय, वरून कुणी पोतंच उपडं केलं. दहा मिनिटांत झेंड्याचा खांब दिसेनासा झाला, अर्ध्या तासात बसगाड्या. साडेबाराला नॉर्बर्ट भुवयांवर बर्फ घेऊन आत आले आणि त्यांनी जाहीर केलं, की रस्ता बंद आहे. शाळेतून कुणीही बाहेर पडायचं नाही, अगदी संध्याकाळ झाली तरी. मग ते सरांकडे वळले. "बरं झालं, कार्यक्रम तरी आहे. सावकाश होऊ दे, आता घाई कसली!"

ज्या बर्फासाठी सरांनी रात्रभर देव पाण्यात ठेवले होते, तो आला होता. फक्त सात तास उशिरा. आणि त्यानं सरांना, बावीस पोरांना आणि तेवढ्याच म्हाताऱ्यांना एकाच खोलीत कोंडून घातलं होतं.

एक वाजता खुर्च्या मांडून झाल्या. म्हाताऱ्यांनी कानातली यंत्रं नीट केली. मुलं हात पुढे करून निबंधांची वाट बघत उभी राहिली. सर पुढे आले. त्यांना वाटलं होतं, आयत्या वेळी काहीतरी सुचेल. पण काहीही सुचलं नाही.

"निबंध नाहीत," ते म्हणाले. "जळाले. मी ढलप्यांच्या खोक्यावर ठेवले आणि ते शेगडीत गेले. चूक माझी." मग उरलेलंही त्यांनी सांगून टाकलं. "आणि मी ते वाचलेही नव्हते. पाच आठवडे नुसतं म्हणत होतो, वाचतोय. आणि नॉर्बर्ट, चढावर काच नव्हती. रस्ता कोरडा होता. मला सुट्टी हवी होती."

नॉर्बर्टचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. ओडीलच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना वाटलं, दार उघडावं आणि सरळ त्या बर्फात चालू लागावं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला. "जळाले? सगळे?"

फिलोमेन उभी राहिली होती.

"सगळे, मेमेर," सर म्हणाले. "मी तुमची माफी..."

"संत ॲन माउली पावली!" फिलोमेननं छातीवर क्रुसाची खूण केली. "अरे, बर्फ पडू दे, कार्यक्रम टळू दे, म्हणून मी रविवारपासून तिच्यापुढे मेणबत्त्या लावतेय! पोरीनं मला नाताळच्या आधी वाईनचे दोन पेले पाजले आणि काय काय वदवून घेतलं! गेले पाच आठवडे डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मीही तेच मागत होतो," मागून एक म्हातारा बोलला.

"माझ्या नातवाला मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. पण काहीतरी सांगितलं एवढं नक्की," आणखी एक आजी म्हणाल्या. मग सगळीकडून हसू फुटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी येऊन सरांचा हात प्रेमानं दाबला. सर समोरच्या खुर्चीवर बसले आणि दिवसात पहिल्यांदा त्यांनी पूर्ण श्वास घेतला.

"पण सर," ओडील डोळे पुसत म्हणाली, "माझी कच्ची वही आहे की दप्तरात. मी आधी कच्चं लिहिते नेहमी."

ती वही घेऊन पुढे आलीसुद्धा. इकडे फिलोमेन कोट घालायला लागली.

"नॉर्बर्ट, बस काढ."

"मेमेर, बस कुठं आहे ते दिसत नाहीये."

"याला काय वादळ म्हणतात? जरा भुरभुरतंय. आमच्या वेळी यात कपडे वाळत घालायचे!"

एक हात बाहीत गेला होता, दुसरा बाही शोधत होता, आणि ओडीलनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"माझी मेमेर वीस वर्षांची होती तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती आणि नदीपलीकडे कॅनडात नव्हती. नदी गोठली की मेमेर अंगावर पांढरी चादर घेऊन घसरगाडी ओढत पलीकडे जायची आणि बटाट्याची पोती घेऊन यायची. बटाटे फक्त वरच्या थरात असायचे."

फिलोमेन आहे तिथं, अर्ध्या कोटात गोठली. एडमंड गॅन्यॉन हनुवटी काठीवर टेकवून, डोळे मिटून बसले होते.

"काठावर कस्टमचा एक तरुण शिपाई असायचा. पण त्याला चुकवणं सोपं होतं, कारण तो मठ्ठ होता, असं मेमेर सांगते. त्या एका हिवाळ्यात मेमेरनं अशा सात खेपा केल्या."

फिलोमेनचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती जमिनीकडे बघत होती. पण काही केल्या तिला राहवेना.

"सात नाही गं," ती शेवटी म्हणाली. "अकरा."

"चौदा," एडमंड डोळे न उघडता म्हणाले.

सगळ्या माना तिकडे वळल्या. फिलोमेन वळली ती सर्वांत शेवटी आणि अगदी सावकाश.

"तू मोजत होतास?"

"मग?" एडमंड म्हणाले. "त्या नदीवर दुसरं होतं काय बघण्यासारखं?"

बाहेर वारा भिंतींना धडका देत होता. फिलोमेनच्या गालांवर रंग चढला आणि तो लपवायला तिला काही सापडेना. ओडीलनं पेन्सिल काढून 'सात' खोडलं. मग आजीकडे बघत विचारलं, "मेमेर, पुढचं सांगतेस?"

फिलोमेननं अडकलेला हात बाहीतून ओढून काढला आणि कोट ऑरेल सरांच्या हातात दिला.

"धर," ती म्हणाली. "आता वेळ लागेल."