विमलताईंच्या पित्ताचे खडे

आमच्या विमलताई माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, खांद्यांकडे बघून बोलतात. तुम्ही त्यांच्या दारात उभं राहून "बऱ्या हाव का ताई?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "तुमचा डावा खांदा उतरलाय. लेकरू लई वागवलं वाटतं कडेवर." आता यात तब्येत कशी आहे ते कुठं आलं? पण विमलताईंच्या मते सगळं आलं.

युसूफ वडगावात आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. ब्लाउज शिवतात. गावात कुणाचंही लग्न निघो, नवरीचे ब्लाउज विमलताईंकडे. हात चांगला, जीभ वाईट. गिऱ्हाइकानं "जरा लवकर द्या" म्हटलं की म्हणणार, "मग पोतं घाल." आणि वाकडेपणा तर अजिबात खपत नाही. आमच्या गिरणीतलं कॅलेंडर त्यांनी इतक्या वेळा सरळ केलंय की खिळाच सैल झाला. माझ्या नवऱ्याच्या मिशीबद्दलही त्या एकदा बोलल्या होत्या. तो तेव्हापासून त्या आल्या की आतल्या खोलीत जातो.

त्यांचा स्वतःचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत पुण्याला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं घर मांडलं. का गेला ते कुणाला माहीत नाही. विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तर मागच्या हिवाळ्यात ताई मला म्हणाल्या, "संगे, पित्ताचे खडे झालेत. लातूरला ऑपरेशन हाय. तू चल सोबत." मी गेले. ऑपरेशन झालं, डॉक्टर बाहेर आले. तरणा पोरगा, पण बोलायला गोड. म्हणाला, "दोन्ही छान झालेत."

मी म्हटलं, "दोन?"

"हो. आता सुरुवातीला वर आणि ताठ दिसतील. सूज असते. पुढच्या काही महिन्यांत हळूहळू खाली येतील, मऊ होतील. दोन्ही एकाच वेळी बसतील असं नाही, त्याला घाबरायचं नाही."

माझं डोकंच चालेना. माणसाला पित्ताशय एक असतं असं मी शाळेत शिकले होते. ते वर-खाली होतं हे काही शिकवलं नव्हतं. मी काळजीनं विचारलं, "पण पोटात किती खाली येईल, डॉक्टर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पोटात नाही हो. छातीत. आपण इम्प्लांट बसवलेत ना."

मग त्यानं मला बसवून नीट सांगितलं. छाती भरीव दिसावी म्हणून आत सिलिकॉनच्या मऊ पिशव्या घालतात. पाठीवर झोपायचं, उशाला उंची द्यायची. हात वर करायचे नाहीत, जड उचलायचं नाही, मशीन बंद. छाती आवळून धरणारी पट्ट्याची बॉडी रात्रंदिवस घालायची. त्वचा काही दिवस बधिर राहील, मग मुंग्या येतील, तो बरं व्हायचा भाग. पण ताप आला, एक बाजू अचानक फुगली, लाल झाली, कडक झाली, तर तडक यायचं. मी सगळ्याला मान डोलावली. कळलं म्हणून नाही, तो बिचारा इतकं मन लावून सांगत होता म्हणून.

आत गेले तर ताई पांघरूण घेऊन छताकडे बघत पडलेल्या. मी म्हटलं, "ताई, हे काय केलं तुमी? आन कावून?"

"कटोरी," त्या म्हणाल्या.

आता कटोरी म्हणजे ब्लाउजला छातीवर वाटीसारखा गोल तुकडा कापून जोडतात तो. ताईंची कटोरी तालुक्याला, केजपर्यंत प्रसिद्ध. पण स्वतः जन्मभर साधा सरळ ब्लाउज. "माझ्या अंगावर कटोरी रिकामी राहती," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाला घातली. एक मला बी घालायची."

"पन्नाशी आली, ताई. आता कुणाला दाखवायचंय?"

"तुला कोण म्हणलं दाखवायचंय?"

दाखवायचं नाही तर करायचं कशाला, आणि करायचं तर लपवायचं कशाला, हा घोळ मी तिथून वडगाव येईपर्यंत गाडीत घालत होते. स्वतःच्या मशीनच्या कमाईवर केलंय, मला बोलायचा काय अधिकार, हेही पटत होतं. तरी घोळ काही सुटेना.

गावात आलो आणि खरी पंचाईत झाली. आमच्याकडे कुणाचे खडे काढले की दवाखानावाले ते बाटलीत घालून देतात, आणि भेटायला येणारा बिस्किटाचा पुडा ठेवून आधी ते खडे बघायला मागतो. बघितल्याशिवाय चहा पीत नाही. ऑपरेशन झालं याचा तो पुरावा. मी हे साफ विसरले होते. ताई मात्र विसरल्या नव्हत्या. शेजारच्या कुशावर्ताकाकूंनी "दाव की खडे" म्हटल्याबरोबर त्यांनी उशाखालून बाटली काढली. आत पाच-सहा तांबूस खडे. मी आ वासला.

पण कुशावर्ताकाकू कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांचं स्वतःचं पित्ताशय दोन वर्षांमागं काढलेलं. त्या तरातरा घरी गेल्या आणि आपली बाटली घेऊन आल्या. दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या.

"माझे हिरवट हायेत. तुझे लाल कावून?"

"ज्याचं त्याचं खाणं," ताई म्हणाल्या.

"आन हे तर मुरमासारखे दिसायलेत."

"मुरूमच खाल्ला असंल मग."

मुरूमच होता तो, आमच्या गिरणीसमोर टाकलेला. काकूंना ते पटलं नाही, पण त्यांची दुसरी शंका याहून मोठी होती. "खडे पोटात व्हते, मग तुला हात वर कावून करता येईना? आन पट्टा छातीला कावून?" मी पटकन म्हटलं, "दुर्बीण वरून घातली." काकू म्हणाल्या, "माझ्या तर बेंबीतून घातलती." मी म्हटलं, "आता नवीन दुर्बीण आलीय." देवा, काय काय बोलायला लावलं या बाईनं मला.

काकूंनी हळदीचं पोटीस करून आणलं, गरमागरम शेक द्यायला. ताईंची चामडी बधिर, भाजलं तरी कळायचं नाही. मी दारातच आडवी आले. काकू माझ्यावर महिनाभर रुसल्या.

दिवस जाऊ लागले तसं डावीकडचं खाली आलं, मऊ झालं. उजवीकडचं वरच. डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही बरोबर बसत नाहीत. कात्रीचा हात उजवा, त्या बाजूचा स्नायू ताठ, तिथं वेळ लागतो. पण हे विमलताईंना कोण पटवणार? ज्या बाईनं आमचं कॅलेंडर कधी वाकडं राहू दिलं नाही तिच्या अंगावर एक बाजू वर आणि एक खाली. कटोरीचं कापड आणून ठेवलेलं, त्याला कात्री लावेनात. जेवण तुटलं. मला येता-जाता म्हणायच्या, "न्हाई बसलं तर पुन्हा फाडतील. पुन्हा फाडलं तर मी न्हाई उठायची, संगे."

एका दुपारी मला हाक मारली. डॉक्टरांना फोन लावला होता, स्पीकरवर ठेवला. डॉक्टर विचारत होते, "लाल आहे का? गरम लागतंय का? कडक होत चाललंय का?"

"मला कसं कळंल? मी बघितलं की मला सगळं वाकडंच दिसतं."

"मग फोटो पाठवा."

"फोटो न्हाई. फोन कुणाच्या हाती जाईल."

"मग घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. लाल, गरम किंवा कडक असेल तर आजच निघा. नसेल तर काळजी करू नका, बसेल."

फोन बंद झाला. घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. आणि मी.

मला खरंच घाम फुटला. आम्ही बायका एकमेकींसमोर लुगडं बदलतो, लाजायचं काय त्यात? पण ही विमलताई होती. या बाईनं साऱ्या गावाची मापं घेतली आणि स्वतःचा पदर कधी ढळू दिला नाही. त्यांनी दाराला कडी लावली, खिडकीपाशी उजेडात बसल्या आणि पुढचे हुक काढले.

मी बघितलं. पालथा हात दोन्हीकडं लावून बघितलं, लेकराचा ताप बघतात तसं. खालची शिवण सुकलेली.

"खरं सांग."

"उजवं जरा वर हाय. लाल न्हाई, गरम न्हाई, डाव्यासारखंच मऊ व्हायलंय. बसंल."

"आन?"

"आन काय? चांगलं दिसायलंय, ताई. लई चांगलं दिसायलंय."

त्या रडायला लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. मी हुक लावायला हात पुढं केला तर त्यांनी धरला.

"लग्न झालं तवा त्यानं एकदा बघितलं. म्हणला, हे काय पोराचं अंग बांधलं माझ्या गळ्यात. आन लाईट बंद केली. तवापासून मला कुणीच बघितलं न्हाई, संगे. मी बी न्हाई. अंघोळ बी डोळे मिटून करायची मी."

मला सगळं कळलं असं नाही, अजूनही कळलंय असं छातीठोक सांगत नाही. बाहेर गिरणीवर कुणीतरी दळण घेऊन आलं होतं, माझ्या नावानं हाका मारत होतं. मी पुन्हा हुकाला हात घातला.

"राहू दे जरा," ताई म्हणाल्या. "घाई हाय का तुला?"

"न्हाई," म्हटलं, आणि तिथंच त्यांच्यासमोर बसून राहिले.