तांडेल भाऊसाहेबांची रुजवात

तांडेल भाऊसाहेब पेन ड्राइव्ह हुंगून बघत.

पहिल्या दिवशी मी माझा पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, टोपण काढलं, नाकाशी नेला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कुठून आणलास?"

"माझाच आहे, भाऊसाहेब."

"तुझा आहे ते दिसतंय. त्याआधी कुणाचा होता?"

"नवीन घेतलाय. डहाणूला, स्टेशनजवळ."

"स्टेशनजवळ," ते म्हणाले. स्टेशनजवळ मिळणारी प्रत्येक वस्तू एकदा तरी चोरीला गेलेली असते, असा त्यांचा चेहरा झाला.

भाऊसाहेब डहाणूजवळच्या आगरचे. त्यांची आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. मासा हुंगल्याशिवाय घेऊ नये आणि कल्ला उघडून लाल दिसल्याशिवाय विकणाऱ्याचं खरं मानू नये, एवढं तिनं लेकाला लहानपणीच शिकवलं होतं. लेक पुढे शिकला, कारकून झाला, हेडक्लार्क झाला, पण हा नियम त्यानं मासळीपुरता ठेवला नाही. कुणी रजेचा अर्ज आणला की भाऊसाहेब म्हणत, "ताप आला म्हणतोस? कल्ला दाखव." खडूच्या खोक्याला कल्ला होता, एस.टी.च्या वेळापत्रकाला कल्ला होता, सरकारी पत्रांना तर दोन्ही बाजूंना कल्ले होते. डबा ते स्वतः करून आणत आणि जेवताना झाकण उघडून आधी वास घेत. स्वतःच्याच स्वयंपाकावर संशय घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आमची शाळा तलासरीच्या अलीकडे, हायवे सोडून आत. एका संस्थेची शाळा, शेजारी वसतिगृह. मी सायवनची. बाबा चिकूच्या वाडीत फळं उतरवायला जातात. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली, आणि ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या सगळ्या मास्तरांची नावं मला आजही ओळीनं पाठ आहेत. संस्थेनं मला कॉम्प्युटरच्या एका कामासाठी तात्पुरतं घेतलं, तेव्हा आईनं देवापुढे नारळ फोडला.

काम असं होतं. शाळेची वीसेक वर्षांची सगळी टायपिंगची कागदपत्रं वर्डमध्ये होती. दाखल्यांचे नमुने, परिपत्रकं, पालकांना पाठवलेल्या सूचना, सगळं. जुने कॉम्प्युटर मरायला टेकले होते आणि नव्यांवर विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं नाही असं संस्थेनं ठरवलं होतं. नव्या कॉम्प्युटरवर मोफतचं सॉफ्टवेअर येणार, तेव्हा जुन्या फाइली त्याच्या खुल्या प्रकारात, म्हणजे ओडीटीत, बदलून ठेवायच्या. माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, 'काम पूर्ण होईपर्यंत'.

त्यानंतर काय, हे मला माहीत होतं. माझी मावसबहीण पहाटेच्या गाडीनं सीमेपलीकडे गुजरातमधल्या कंपनीत पॅकिंगला जायची. संध्याकाळी तिला हाताची बोटं उघडायला त्रास व्हायचा. त्या गाडीत माझ्यासाठी जागा धरून ठेवते असं ती प्रेमानं म्हणायची. दुसरीकडे, शाळेच्या लॅब असिस्टंटचं पद जूनमध्ये भरणार असं कानावर होतं. मी ठरवलं, काम इतकं झटपट करून दाखवायचं की संस्था आपणहून म्हणेल, ही मुलगी राहू दे. चांगलं काम करणाऱ्याचं चांगलं होतं असं मला शाळेत शिकवलं होतं आणि माझा शाळेवर पूर्ण विश्वास होता.

भाऊसाहेबांचा नव्हता.

"फुकट?" नवीन सॉफ्टवेअरबद्दल ऐकून ते म्हणाले. "कोण देतो?"

"जगभरातले लोक मिळून बनवतात, भाऊसाहेब."

"आणि विकत नाहीत?"

"नाही."

"मग खातात काय?"

ते विजयी नजरेनं बघत राहिले.

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "आत्ताच्या फाइली उघडायच्या तर एका कंपनीच्या मर्जीवर. उद्या कंपनीनं हात वर केले तर? ओडीटीची रचना कशी असते ते जगजाहीर आहे. कुणीही ती उघडणारं सॉफ्टवेअर बनवू शकतो."

"जगजाहीर?" त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे आपल्या शाळेची सहलीची सूचना चीनवाले वाचणार?"

"तसं नाही हो. रचना जगजाहीर. आतला मजकूर आपलाच."

"दार उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, आत येऊ नका." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक जुना टॉवेल आणला आणि ओडीटी फाइल उघडी असताना कुणी जवळून गेलं की तो मॉनिटरवर टाकायला सुरुवात केली.

मी एक पूर्ण फोल्डर एका दमात बदलून दाखवलं, तेव्हा तर ते खुर्चीतून उठलेच. "झालं? एवढ्यात? अगं, भाताला तीन शिट्ट्या लागतात!" मग स्क्रीनवर वाकून त्यांनी फाइलींची नावं बघितली. आधी प्रत्येक नावाच्या शेवटी डॉक होतं, आता ओडीटी होतं. "शेपूट बदललंय," ते म्हणाले. "शेपूट बदललं तो मासाच बदलला. रुजवात घ्यावी लागेल."

ज्यांनी कचेरीत काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नक्कल अस्सल कागदाबरहुकूम आहे की नाही हे पडताळायला एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून मेळ घालायचा, याला रुजवात म्हणतात. भाऊसाहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येक फाइलीची रुजवात होईल. मी स्क्रीनवरून वाचायचं, ते जुनी छापील प्रत घेऊन बसणार.

"पालकांना कळविण्यात येते की स्वल्पविराम," मी वाचायची.

"थांब. ठळक आहे का?"

"काय ठळक?"

"'पालकांना'. माझ्याकडे ठळक आहे."

"आहे, भाऊसाहेब."

"मग बोल ना तसं. ठळक बोल."

मी 'पालकांना' ठळक बोलायला शिकले. एकदा 'दिनांक'च्या जागी माझ्या तोंडून 'तारीख' गेलं, तर त्यांनी पूर्ण पान पुन्हा वाचायला लावलं. मी कुरकुरले तेव्हा एवढंच म्हणाले, "दाखल्यावर एक अक्षर हललं ने, की पोरगं दहा वर्षं कचेऱ्या झिजवतं. पाड्यावरच्या पोराकडे दुसरा कागद असतो कुठे?" ते मला पटलं. पण सहलीच्या सूचनेवरून कोणतं पोरगं कचेऱ्या झिजवणार होतं, ते कळेना.

त्यातच आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडची माणसं तो हिवाळा विसरणार नाहीत. कधीही हादरा बसायचा. लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत. आमचं ऑफिससुद्धा पटांगणातल्या पत्र्याच्या शेडखाली आलं. कॉम्प्युटर, कपाट, टॉवेल, सगळं.

नेमकं त्याच सुमारास एका दाखल्याच्या नमुन्यात, बदललेल्या फाइलीत चौकटीची रेघ खाली सरकून जन्मतारखेवर बसली. असं होतं कधी कधी. दोन सॉफ्टवेअरचं समासाचं माप थोडं वेगळं पडतं. ते हातानं नीट करायचं असतं. मी हे समजावत होते तेवढ्यात भाऊसाहेबांनी विचारलं, "ही फाइल बदललीस तेव्हा सकाळचा हादरा बसला होता की बसायचा होता?"

"हादऱ्याचा काय संबंध?"

"घराच्या भिंती सरकल्या. कपाट सरकलं. रेघ सरकणार नाही?"

मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरशेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास आला. पाणी थरथरलं की काम बंद. पाणी पूर्ण निवांत झाल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही. गावात लोकही परातीत पाणी ठेवून हादरा ओळखत होते, त्यामुळे मीही ग्लासाकडे बघून काम करू लागले. पण ट्रक गेला तरी पाणी हले, शाळेची घंटा झाली तरी हले, आणि कधी कधी काहीच नसताना हले.

एकदा माझी पेन्सिल पडली म्हणून मी टेबलाखाली वाकले. भाऊसाहेबांचा गुडघा टेबलाच्या पायाला लागून हलत होता. वर आले तर पाणी थरथरत होतं आणि ते गंभीरपणे म्हणाले, "बसला बघ. बारीक होता."

त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मी सगळ्याचा नव्यानं विचार केला. हा माणूस मुद्दाम काम अडवतोय. महिनोन्महिने गेले तरी मुलीच्यानं काम उरकलं नाही, असं हा संस्थेला दाखवणार. लॅबच्या जागेवर याला कुणीतरी आपलं बसवायचं असणार. भाचा असेल, पुतण्या असेल. आता मीच त्यांना हुंगायला लागले. ते फोनवर बोलले की कान देऊ लागले. तर फोनवर ते नेहमी गॅस एजन्सीशीच भांडत असायचे. आपलं सिलिंडर हलकं आहे असा त्यांचा दावा होता.

मी चोरून वेग वाढवला. भाऊसाहेब जेवायला गेले की फाइली बदलायच्या, रेघा नीट करायच्या. मेच्या मध्यापर्यंत दोन दिवसांचं काम उरलं. आणि संस्थेचे सेक्रेटरी साहेब आले.

"काय, किती राहिलं?" त्यांनी मला विचारलं.

याच प्रश्नासाठी मी एवढे महिने जीव काढत होते. मी तोंड उघडलं.

"अर्धंपण नाही झालं, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

"अर्धं नाही? अहो, डिसेंबरपासून करताय!"

"हादरे, साहेब. रेघा सरकतात. पण ही पोरगी फार जपून करते. घाई करणारी असती तर मीच हाकलली असती."

"मी असं ऐकलं की हे काम फार पटकन होतं."

"कुणाकडून ऐकलं?" भाऊसाहेबांनी अशा संशयानं विचारलं की सेक्रेटरी साहेबच गडबडले. तेवढ्यात ग्लासातलं पाणी थरथरलं. साहेबांची नजर तिथे गेली. "हे... हे काय?"

"बारीक आहे," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "बारकाच्या मागून मोठा येतो."

सेक्रेटरी साहेब मुंबईचे. 'होऊ द्या सावकाश' असं काहीतरी म्हणत ते गाडीकडे गेले. चहासुद्धा अर्धा राहिला.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "का खोटं बोललात? दोन दिवसांत संपवून दाखवलं असतं मी."

"माहितेय. मी जेवायला गेलो की तुझी टकटक सुरू होते, ती काय ऐकू येत नाही मला?" ते खुर्ची ओढून बसले. "आज मे चालू आहे. तू परवा संपवलंस की परवा तुझा कागद संपला. जूनमध्ये जागा निघाली की आत असेल त्याला आधी विचारतात. तोवर तू कुठे? कंपनीत. मग तू बाहेरची."

"पण मी चांगलं काम केलं ना?"

"काम संपवणाऱ्याला निरोप देतात, बाय. ज्याचं चालू असतं त्याला चहा देतात."

माझ्या मास्तरांनी हे शिकवलं नव्हतं. त्यांना ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. शिकवायला धजले नसतील.

"मग मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"तुला? तू सेक्रेटरीला सगळं खरं सांगितलं असतंस."

जूनच्या अखेरीस मला लॅब असिस्टंटची ऑर्डर मिळाली. आईनं पुन्हा नारळ फोडला. त्याच आठवड्यात मी उरलेलं शेवटचं फोल्डर बदललं. त्यात फक्त जुनी परिपत्रकं होती, क्रीडा महोत्सव, गॅदरिंग, वृक्षारोपण असली. ती परत कुणाला लागणार नव्हती. मी भाऊसाहेबांना सांगितलं, आता सही करून टाका, हे काम संपलं.

"रुजवात?" त्यांनी विचारलं.

"याची कशाला? आता माझी ऑर्डर आली, भाऊसाहेब. आता कुणाला दाखवायचंय?"

शाळा सुटली होती. वसतिगृहाच्या मुली नळावर ताटं धूत होत्या. मी पर्स खांद्याला लावली. "तुमची गाडी चुकेल," मी म्हणाले. "घरी जायचं नाही?"

"जायचंय की. दार मीच लावून आलोय, मीच उघडायचं." त्यांनी माझी खुर्ची थोडी पुढे सरकवली. "एवढं एक वाच. मग जा."

मी बसले. त्यांनी जुनी छापील प्रत हातात घेतली. मी वाचायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा चष्मा खिशात आहे. कागद मांडीवर, बोट कागदावर नाही. डोळे मिटलेले. मी वाचत गेले. स्वल्पविराम वाचले, ठळक शब्द ठळक वाचले. ते मान डोलावत होते.

एवढे महिने त्यांच्या सहवासात राहिल्यावर मलाही शंका येणारच. परिपत्रकात होतं, 'सर्व विद्यार्थ्यांनी पांढरे बूट घालून यावे'. मी आवाज जरासुद्धा न बदलता वाचलं, "सर्व विद्यार्थ्यांनी पांढरे पापलेट घालून यावे."

"बरोबर," भाऊसाहेब म्हणाले. "पुढे वाच."

मी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि पुढचं परिपत्रक उघडलं.