तोंडात पाणी, नाकात तूप

निकमकाकांबरोबर लेहला जायचं असेल, तर आधी तोंडात पाणी धरून पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पाणी गिळलं की नाव कट. थुंकलं तर नाव कट आणि वर चारचौघांत उद्धार.

"देवनी तुमले नाक कसाले दिधं?" ते आमच्या पाठकसरांवर ओरडले. काका मूळचे सटाण्याचे. चिडले की अहिराणीत शिरतात, म्हणजे दिवसातला बराच वेळ ते तिथेच असतात. पाठकसर बिचारे अडुसष्ट वर्षांचे, पायरीवर बसून ठसकत होते. माझं डोकंच फिरलं. सहलीला निघालो होतो की पलटणीत भरती व्हायला?

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी डझनभर माणसं लडाखला नेतात. जिन्यात कोणी तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसलं, की त्याची शिकवणी तिथेच सुरू. "वरची हवा विरळ. त्यात थंड न् कोरडी. नाक ती गरम करतं, ओली करतं. आणि तुम्ही नाक वापरता कशाला? चष्मा ठेवायला!"

त्या हवेनं नाक आतून सुकतं, रक्तसुद्धा येतं. म्हणून लेहला पोचल्यावर रोज सकाळी रांगेत उभं राहून नाकपुड्यांना आतून साजूक तूप लावायचं. शिवाय पहिले दोन दिवस सगळ्यांचे बूट जप्त! शरीराला हवेची सवय होऊ दे, म्हणे. एवढ्या लांब येऊन आम्ही बारा शहाणी माणसं खिडकीतून डोंगर बघत बसलो. मी मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या घातल्या, की अहिराणी येत असती तर त्याही घातल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी सरोवर बघायला निघायचं होतं. माझं डोकं आदल्या दुपारपासून ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. पण मी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर या माणसानं मला सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं.

नाश्त्याला माझा पराठा तसाच राहिलेला काकांनी पाहिला.

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

"कालपासून," मी म्हणाले आणि खाली मान घालून बसले.

ते ओरडले नाहीत. मला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला, डॉक्टर बघून गेले, जरा बरं वाटलं आणि माझा राग पुन्हा उफाळून आला. मास्क बाजूला करून मी म्हटलं, "ओरडा ना आता! तुमच्या धाकानंच गप्प बसले मी."

काका खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"शोभाही नव्हती बोलली," ते म्हणाले. शोभाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आजारपणात गेल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"इथंच आणलं होतं तिला. दोन दिवस डोकं फुटत होतं तिचं. विचारलं की म्हणायची, बरं वाटतंय. खाली न्यायला उशीर झाला." ते जमिनीकडे बघत होते. "सहल मोडली तर मी चिडेन, असं तिला वाटलं असणार."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मी खरंच इतका चिडतो का हो?"

मी मास्क पुन्हा तोंडावर नीट बसवला आणि डोळे मिटून घेतले.