पातळ वरणाचे तायडे सर

लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून, "वरण जरा वरून सोड बापू, मले धार पाहाची हाये," म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. राजापेठेत तो माझ्या शेजारीच राहतो. तायडे सर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आपटतात.

खरं आपटणं परदेशातल्या यंत्रात चालतं. टकरीनंतर काय होतं, ते सर गणितानं मांडतात. "अणुगर्भ वितळते, भाऊ! क्षणभर त्याचं वरण होते! सूर्याच्या पोटापेक्षा गरम! अन् ते वाह्यते!" हे सांगताना त्यांचा आवाज चौकातल्या हॉर्नच्याही वर जातो.

दुखणं एकच. सरांच्या गणितातलं वरण खऱ्यापेक्षा जोरात वाहायचं. कित्येक वर्षं. एकदा भाजीवालीनं विचारलं, "काहून गप गप, सर?"

"माह्यं लय पातळ होऊन राह्यलं, मावशी."

तिनं ओवा दिला.

परवा रविवारी सकाळी सर बनियनवरच माझ्या दारात. "जमलं! जरासा चिकटपणा वाढवला अन् आलेखाची रेघ नेमकी बसली! प्रयोगात आली तशीच! गाडी काढा, अकोल्याले जाऊ!"

"अकोल्याला कशाला?"

"बाईले सांगाचं हाये!"

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. शर्ट त्यांनी गाडीत घातला, तोही उलटा. मूर्तिजापूरपर्यंत ते बोलत होते, पुढं ओरडत होते. वाटेत चहावाल्यालाही दोन कप एकमेकांवर आपटून टक्कर दाखवली. एक फुटला.

अकोल्यात बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेलीय, हे मला तिथं कळलं. सर कडेला बसले, बहिणीचा हात हातात घेतला आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागले. हळू. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. बाईंच्या ओठांचा एक कोपरा हसला. मग डोळे मिटले.

"सर, झोपल्या त्या," मी म्हणालो.

"झोपू द्या. लहानपणी ही मले विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवे, तवा मीबी झोपूनच जात होतो. ती काई थांबे नाई."

आणि ते पुढं सांगत राहिले.