पियुषची हनुवटी

मुष्टियुद्ध हा दोन माणसांनी एकमेकांना मारण्याचा खेळ आहे, हा जुन्या पिढीचा गैरसमज होता. आता त्यात एकानेच उतरायचं असतं. दुसरा माणूस नियमात बसावं म्हणून आणलेला असतो.

नागपूरचा पियुष हा या नव्या पिढीचा मुष्टियोद्धा. वय सव्वीस. मोबाइलवर त्याला रोज साडेनऊ लाख लोक बघतात. आजवर त्याने तीनशे बारा व्हिडिओंमध्ये ठोसे मारले आणि एकदाही हरला नाही. (समोर वाळूची पिशवी होती. तिने कधी तक्रार केली नाही.)

त्याच्यासमोर उभं करण्यासाठी धम्मानंदला बोलावण्यात आलं. वय अडतीस. हिंगण्याच्या कारखान्यात पहिली पाळी, आणि ती सुटली की सराव. व्यावसायिक लढती एकतीस, विजय तेवीस, नाक मोडलं दोनदा. सभागृहाबाहेरच्या पोस्टरवर पियुषचा फोटो दारापासून छतापर्यंत होता. धम्मानंदच्या जागी 'आणि प्रतिस्पर्धी' असं छापलं होतं.

पियुषच्या कामाचं सगळं श्वेता बघते. लढतीच्या आधी ती धम्मानंदच्या खोलीत आली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "दादा, तीन राउंड चालवायचे आहेत. तुम्ही मारताय असं दिसलं पाहिजे, पण लागायला नको."

"मंग मले काहून बोलावलं, ताई? वाळूची पिशवी होती न."

"पिशवी हलत नाही ना, दादा."

धम्मानंदने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते श्वेताने विचारलं नाही. तिला फोन आला होता.

थोड्या वेळाने पियुष स्वतः आला. एकटा. दार लावून घेतलं, आणि साडेनऊ लाख लोकांना माहीत नसलेल्या आवाजात म्हणाला, "दादा, खरंच लागते काय लय?"

"लागते."

"मी 'नाही' म्हणू शकत नाही आता. बाहेर बाबा येऊन बसले आहेत."

धम्मानंदने दोन बोटांनी त्याची हनुवटी खाली दाबली. "हे असं ठेवजो. हात गालाले लावून. बाकी काही नाही केलं तरी चालते. हनुवटी वर नको करू गा, समजलं?"

पियुषला समजलं. पण हनुवटी खाली घेतली की जबड्याची रेषा दिसत नाही, आणि कॅमेरे सहा होते. तेव्हा सदर भागातल्या त्या भरलेल्या सभागृहात पियुष रिंगणात उतरला तो हनुवटी छताकडे करूनच.

पहिल्या राउंडमध्ये त्याने एकेचाळीस ठोसे मारले. पैकी अडतीस हवेला लागले, दोन धम्मानंदच्या कोपराला, आणि एक रेफरी रविंद्ररावांना. (रविंद्ररावांनी स्वतःलाच ताकीद दिली आणि लढत पुढे सुरू ठेवली.) धम्मानंद नुसता चालत होता, भाजी आणायला निघालेल्या माणसासारखा. लोकांनी त्याला "डरपोक" म्हटलं.

दोनदा तो पियुषच्या जवळ येऊन पुटपुटला, "खाली घे. हनुवटी खाली घे."

दुसऱ्या राउंडमध्ये पियुषने कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. धम्मानंदचा डावा हात त्याच क्षणी निघाला. उघडी हनुवटी समोरच होती. हात तिथे गेलाच नाही. खाली वळला आणि उजव्या बरगडीखाली टेकल्यासारखा लागला. पियुष आधी हसला. मग गुडघ्यावर बसला. मग देवळात टेकवावं तसं कपाळ जमिनीला लावलं. रविंद्ररावांनी दहा मोजले. त्यांना शंभरही मोजता आले असते.

पियुषचे बाबा खुर्चीवरून उठून धावले. त्यांच्याआधी धम्मानंद खाली बसला होता. "श्वास घे. हळू घे. जाते दुखणं दोन मिनटात."

बाहेरच्या व्हरांड्यात धम्मानंदची बायको प्रेमिला चिडून उभी होती. "एवढे लोक तुम्हाले डरपोक म्हणून राहिले होते. तोंडावर काहून नाही दिला एक?"

"तोंडावर त्याचं घर चालते वं," धम्मानंद म्हणाला. "पोटाचं काय, दोन दिवसात बरं होते."

पोट खरंच दोन दिवसांत बरं झालं. कीर्तीला तेवढाही वेळ लागला नाही. जमिनीला कपाळ टेकलेल्या पियुषचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत चाळीस लाख लोकांनी पाहिला. 'पडूनही न हरलेला' असं त्याचं नाव झालं. एका महाविद्यालयाने त्याला 'अपयशाला सामोरं कसं जावं' यावर व्याख्यानाला बोलावलं. धम्मानंदवर मात्र खिलाडूवृत्ती नसल्याची टीका झाली. समोरचा कॅमेऱ्याकडे बघत असताना मारणं शोभत नाही, असं पुष्कळांचं मत पडलं.

त्या दिवशी लढत संपली तेव्हा दाराशी पियुषसोबत फोटो काढायला रांग लागली होती. घरी निघालेल्या धम्मानंदच्या हातात कुणीतरी मोबाइल दिला, "भाऊ, जरा आमचा काढून द्या न." त्याने काढला. मग दुसऱ्याचा. असे तेवीस फोटो त्याने हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याही न सोडता काढले. नाव कुणी विचारलं नाही. एका गृहस्थांनी तर फोटो हलला म्हणून परत काढायला लावला.

ते गृहस्थ मला ठाऊक आहेत. नाव लिहीत नाही, कारण ते आत्ता हेच वाचत आहेत, आणि अशा लोकांची त्यांना मनापासून चीड येते आहे.