वरंगळच्या प्रयोगशाळेत कॅडमियम प्रकट जाहले, ते वर्तमान

श्रीभद्रकाली समर्थ. वरंगळ शहरी, कॉलेजाच्या रसायनखात्यात जे तुंबळ माजले त्याची हकीकत मुलुखात भलतीच पसरली, सबब त्याच खात्यात केस पिकविलेल्या आम्ही, डोळां देखिले तैसे, कोणाची भीडमुर्वत न धरिता लिहिले आहे.

खात्याचे सरदार रंगाचार्युलू, अकलेचे कुबेर! पूर्वी क्षारातील धातू गटवार ओळखावयाचे परीक्षेत कोणा पोराने द्रावणात आम्ल कमी घातले, तेणेकरून चौथ्या गटाचे जस्त दुसऱ्या गटाच्या पंगतीस येऊन बसले, आणि बाहेरील परीक्षक फिदीफिदी हसले. ते हसणे सरदारांचे काळजास झोंबले. मग फर्मान सुटले की, आम्ल जहाल घ्यावे आणि सढळ हाते ओतावे. त्याउपरी जस्त आवरले खरे, परंतु दुसऱ्या गटाचे हक्काचे कॅडमियमही बुडाले, ते कोणास सापडेना. तेव्हा तो क्षारच नासका ऐसे ठरवून सरदारांनी त्याची बाटली कपाटात कुलुपबंद केली. वाहवा रे विद्वत्ता!

ऐशात परीक्षा आली, आणि हैदराबादेहून परीक्षक मिर्झा कमरुद्दीन आपले क्षार आपल्याच पेटीत घेऊन दाखल जाहले. स्वराज्यम नामे मुलगी, दोनदा नापास, ही अखेरची संधी, औषधांच्या कारखान्यातील नोकरी पदवीवाचून अडलेली; तिचेच वाट्यास कॅडमियम आले. तिने फर्मानाबरहुकूम आम्ल ओतिले, मग हायड्रोजन सल्फाइडाची नळी सोडिली, आणि सडक्या अंड्यांचा दुर्गंध दालनभर मातला, मिर्झासाहेब नाकास रुमाल लावून दालनाबाहेर गेले, तरी द्रावण आपले ढिम्म, निर्मळ.

सरदार येऊन गरजले, "दुसरा गट नाही, असं लिही आणि पुढे चल!"

"पण सर, एक थेंब पाण्याच्या बशीत सांडला, तो पिवळा झाला बघा."

"डोळे आलेत का गं अम्मा तुझे? अजून आम्ल घाल!"

"चिंचेचं सार, आमचा चारू, आंबट झाला तर आम्ही पाणी घालतो सर, आणखी चिंच नाही कोळत," ऐसे बोलून पोरीने भडाभडा पाणी ओतिले आणि नळी पुन्हा सोडिली. सरदारांचा चेहरा पाहण्यालायक जाहला. आम्लाचा पहारा जबर असता वायूतील गंधकाचे स्वार मोकळे सुटत नाहीत. तांब्यास मूठभर स्वार पुरतात, कॅडमियमास अधिक लागतात, जस्तास तर अवघी फौज लागते. पहारा बेताचा सैलावला, आणि हळदीसारखा पिवळाजर्द साका तळाशी बसला!

मिर्झासाहेब आत परतले, ते साका पाहून खूश होऊन पुसते जाहले, "हे कोणी शिकवलं?"

"मीच," सरदार छाती काढून वदले. "पाणी घाल म्हणून मघापासून ओरडतोय!"

पोरीने तोंड उघडिले, सरदारांचे हातचे परीक्षेचे गुण आठविले, आणि मुकाट मान डोलाविली. आमच्या तळपायाची आग मस्तकास गेली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, पोर पास होऊन नोकरीस गेली, विजय सरदारांचे नावे दाखल जाहला, आणि त्यांनी नवे फर्मान काढिले की, यापुढे आम्ल नावापुरते घ्यावे, पाणी मात्र सढळ हाते ओतावे. पुढील परीक्षेस जस्त पुन्हा दुसऱ्या गटाच्या पंगतीस येऊन बसले.